शाळेतला मोबाईल, लॅब आणि मुलांची माहिती: सोलापुरातल्या नव्या तंत्रस्नेही शिक्षकांसाठी

जून उजाडला की प्रत्येक शाळेत एका शिक्षकाच्या गळ्यात ऑनलाइनची कामं पडतात. युडायस आणि सरल ही विद्यार्थ्यांच्या नोंदीची सरकारी पोर्टल, शिष्यवृत्तीचे अर्ज, आधार, अपार हा विद्यार्थ्याचा शैक्षणिक ओळख क्रमांक, पालकांचे व्हॉट्सॲप ग्रुप, अर्धी बंद पडलेली लॅब आणि आता सीसीटीव्ही. बहुतेकदा हा शिक्षक शाळेत सगळ्यात नवा असतो आणि त्याच्या हातात पासवर्डच्या चिठ्ठीपलीकडे काही दिलं जात नाही. सोलापूर शहराच्या पूर्व भागातल्या एका अनुदानित शाळेत मी हे काम बरीच वर्षं करतोय. तुम्हाला पहिल्या वर्षी जे कुणी सांगणार नाही, ते इथे क्रमाने लिहितो.

सोलापूर जिल्ह्याला शाळेतलं तंत्रज्ञान नवं नाही. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोडची जोड दिली आणि २०२० चा ग्लोबल टीचर प्राइझ या जिल्ह्यात आला. मुलांनी पडद्यावर शिकावं का, हा वाद आपल्याकडे केव्हाच मागे पडला. पण त्या पडद्यामागे मुलांचं नाव, जात, आधार क्रमांक, आईचा मोबाईल नंबर, फोटो असं काय काय साठत जातं आणि ते कुणाच्या हाती जातं, याकडे फार कमी शाळा बघतात. आणि ही माहिती बाहेर जाते ती बहुधा आपल्याच घाईने, आपल्याच सोयीसाठी. म्हणूनच ती थांबवणं आपल्या हातात आहे.

सुरुवातीला हे जवळ हवं

- मुख्याध्यापकांच्या सहीचं लेखी जबाबदारीपत्र. तोंडी आदेशावर कुठलंही लॉगिन ताब्यात घेऊ नका.
- शाळेच्या नावाचं वेगळं सिमकार्ड आणि वेगळं ईमेल खातं.
- जनरल रजिस्टर आणि चालू वर्षाच्या प्रवेश अर्जांची फाईल.
- सर्व पोर्टलचे युजर आयडी आणि कुठल्या लॉगिनचा ओटीपी कुठल्या नंबरवर जातो त्याची यादी.
- संमतीपत्राचे कोरे नमुने, मराठीत आणि तुमच्या वस्तीतल्या घरभाषेत.
- एक जाड वही. संगणकात नको, वहीच हवी.

१. माहिती कुठे कुठे आहे ते आधी शोधा

वहीत चार रकाने पाडा: कुठली माहिती, कुठे आहे, कुणाच्या ताब्यात आहे, कधीपर्यंत लागणार. मग शाळाभर फिरा. ऑफिसच्या संगणकावरची एक्सेल शीट, वर्गशिक्षकांचे मोबाईल, शालेय पोषण आहाराची नोंद, ग्रंथालयाचं रजिस्टर, स्कूलव्हॅनवाल्याकडची यादी, फोटोग्राफरकडचे ओळखपत्राचे फोटो, शिकवणी वर्गाला कुणीतरी ‘सहकार्य म्हणून’ दिलेली दहावीच्या मुलांची नंबरयादी. हे शेवटचं जवळपास प्रत्येक शाळेत सापडतं. एप्रिलमध्ये पालकांना क्लासवाल्यांचे फोन यायला लागतात ते याच यादीतून.

ही फेरी आठवडाभर चालते. घाई करू नका, पुढची सगळी कामं या वहीवर उभी राहतात.

२. लॉगिन शाळेच्या ताब्यात आणा

अनेक शाळांचा ओटीपी निवृत्त मुख्याध्यापकांच्या किंवा बदली झालेल्या लिपिकांच्या नंबरवर जातो. तो बदलण्यासाठी शाळेच्या लेटरहेडवर अर्ज करून केंद्रप्रमुखांमार्फत पुढे पाठवावा लागतो. याला वेळ लागतो, म्हणून पहिल्याच आठवड्यात अर्ज द्या.

सगळ्यात मोठा सापळा बाहेरच्या ऑपरेटरचा आहे. संच मान्यता, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवण्याची मंजुरी, तोंडावर आली, आधार व्हॅलिड झालेल्या मुलांचा आकडा कमी दिसू लागला की शाळेजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात किंवा सेवा केंद्रात युडायसचं लॉगिन देऊन टाकलं जातं. त्या दुकानाच्या संगणकावर पासवर्ड सेव्ह होतो, मुलांच्या आधारच्या पीडीएफ डाउनलोड फोल्डरमध्ये वर्षानुवर्षं पडून राहतात आणि त्याच संगणकावर रोज शंभर अनोळखी माणसं बसतात. काम बाहेरूनच करून घ्यायचं असेल तर ऑपरेटरला शाळेत बोलवा, शाळेच्या संगणकावर बसवा, शेजारी तुम्ही बसा. काम झालं की त्याच दिवशी पासवर्ड बदला.

पासवर्डला शाळेचं नाव आणि १२३ जोडू नका. एका पोर्टलचा पासवर्ड दुसऱ्याला वापरू नका. नवे पासवर्ड बंद पाकिटात घालून, सही-शिक्क्यानिशी मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवा.

३. पालकांची संमती घ्या, सह्या गोळा करू नका

संसदेने २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा केला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम निघाले. पालकांच्या संमतीसकट त्यातल्या मुख्य जबाबदाऱ्या नियम निघाल्यापासून १८ महिन्यांनी लागू होतात, म्हणजे तयारीला वेळ आहे आणि तो आत्ताच वापरायला हवा. या कायद्यात १८ वर्षांखालचा प्रत्येक जण मूल आहे. मुलाची माहिती वापरायची तर आई-वडिलांची पडताळता येईल अशी संमती हवी. मुलांना डोळ्यासमोर ठेवून जाहिराती दाखवायला आणि त्यांच्या वागण्यावर पाळत ठेवायला मनाई आहे. शिक्षण आणि मुलांची सुरक्षितता यापुरती शाळांना पाळतीच्या बाबतीत सवलत आहे, पण तेवढ्यापुरतीच. मुलांबाबतची जबाबदारी न पाळल्यास दंडाची कमाल मर्यादा २०० कोटी रुपये आहे.

आता आपल्याकडचं चित्र बघा. वडील कारखान्यात यंत्रमागावर, आई घरात विड्या वळते, घरात तेलुगू बोलतात, मूल मराठी शाळेत. दप्तरातून छापील मराठी फॉर्म घरी जातो आणि दुसऱ्या दिवशी सही होऊन येतो. कित्येकदा ती सही मोठ्या बहिणीची असते, कधी मुलाची स्वतःची. ही संमती नव्हे. कायदाच सांगतो की सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत मिळण्याचा पर्याय पालकांना हवा. तेलुगू, कन्नड, उर्दू या तिन्ही भाषा त्यात आहेत. सोलापुरात या भाषांच्या माध्यमाच्या शाळाही आहेत, तेव्हा फॉर्मचं भाषांतर तपासून द्यायला तिथला एखादा शिक्षक मित्र सहज मिळतो.

आम्ही पालकसभा कारखान्यात विड्या देऊन आलेल्या बायकांना जमेल अशा वेळी ठेवतो आणि फॉर्म मोठ्याने वाचून दाखवतो. अंगठा लावणाऱ्या आईला विचारलं जातं, ‘फोटो फेसबुकवर टाकलेला चालेल का?’ त्यावर तिने ‘नको’ म्हटलं तर तेच लिहायचं. अनेक आया खरोखर नको म्हणतात, विशेषतः मुलींच्या बाबतीत, आणि त्यांच्याकडे तसं म्हणायला कारणं असतात. ती विचारत बसू नका.

फॉर्म बनवताना ही काळजी घ्या. प्रत्येक गोष्टीला वेगळी हो-नाहीची चौकट हवी: अपार, फोटो, व्हॉट्सॲप, खासगी शैक्षणिक ॲप. सगळ्यांना मिळून एकच सही घेऊ नका. माहिती कशासाठी आणि किती दिवस लागणार ते लिहा. दिलेली संमती नंतर मागे घेता येते आणि त्यासाठी शाळेत कुणाला भेटायचं, तेही लिहा.

अपारबद्दल थोडं. हा १२ अंकी क्रमांक ऐच्छिक आहे आणि पालकांच्या संमतीशिवाय काढायचा नाही. वरून ‘१०० टक्के करा’ असा फोन येईल. संमतीपत्रावर नकार असेल तर तो नकार फाईलला लावा आणि अहवालात ‘पालकांची संमती नाही’ असंच लिहा. आधारचंही तसंच: शाळाप्रवेशासाठी आधार सक्तीचं करता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात स्पष्ट केलं आहे. आधार नाही म्हणून मुलाला दारातून परत पाठवू नका. जिथे प्रत घ्यावी लागते तिथे शेवटचे चार अंकच दिसणारं मास्क्ड आधार चालतंय का, ते आधी बघा.

प्रवेश अर्जावरचा मोबाईल नंबरही तपासून घ्या. तो पुष्कळदा मामाचा, शेजाऱ्याचा किंवा घरमालकाचा असतो. मुलाचा निकाल, गैरहजेरी, ओटीपी सगळं त्या परक्या माणसाकडे जात राहतं.

४. व्हॉट्सॲप ग्रुप आवरा

गावातल्या आणि शहरातल्या, दोन्हीकडच्या शाळांत सर्वात जास्त माहिती इथूनच सांडते. साठ मुलांच्या वर्गाचा ग्रुप म्हणजे साठ घरांचे नंबर साठ घरांत. त्यात बहुतेक नंबर आयांचे. रात्री-अपरात्री अनोळखी मेसेज येतात तेव्हा ती आई नवऱ्याला सांगायला घाबरते आणि शाळेला सांगायला लाजते. त्यामुळे हा त्रास आपल्यापर्यंत पोचतच नाही.

उपाय सोपा आहे. साध्या ग्रुपऐवजी व्हॉट्सॲपवर शाळेची ‘कम्युनिटी’ करा आणि सूचना तिच्या अनाउन्समेंट ग्रुपवर द्या. तिथे पालकांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत आणि मेसेज फक्त ॲडमिन टाकतो. मात्र कम्युनिटीला जोडलेल्या इतर ग्रुपमध्ये नंबर दिसतात, त्यामुळे वर्गवार उपग्रुप जोडत बसू नका. ॲडमिनचा नंबर शाळेच्या सिमचा असू द्या, वर्गशिक्षिकेचा खासगी नंबर देऊ नका.

ग्रुपवर हे कधीही टाकायचं नाही: गुणांची यादी, फी थकलेल्यांची नावं, जातीच्या दाखल्याचे फोटो, ‘खालील मुलांचे आधार अजून आलेले नाही’ अशी यादी, कुणाच्या आजारपणाचं कारण. फी थकलेल्या पालकाला वेगळा फोन करा. आणि ‘आधारचा फोटो ग्रुपवर पाठवा’ हे वाक्य शाळेतून हद्दपार करा.

आणखी एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. पालकांनी पाठवलेले कागद शिक्षकाच्या फोनच्या गॅलरीत आपोआप उतरतात आणि तिथून त्याच्या खासगी गूगल खात्यावर बॅकअप होतात. फोन जुना झाला, विकला, तरी ते फोटो तिथेच. सगळ्या शिक्षकांच्या फोनमधलं मीडिया ऑटो-डाउनलोड बंद करून घ्या. एका मधल्या सुट्टीत होणारं काम आहे.

विद्यार्थ्यांचे ग्रुप? व्हॉट्सॲपच्याच अटीनुसार १३ वर्षांखाली खातं चालत नाही. सातवीपर्यंत असा ग्रुप काढू नका. त्यावरच्या वर्गांचा काढलाच तर त्यात दोन शिक्षक असावेत आणि कुठल्याही शिक्षकाने विद्यार्थ्याशी खासगी चॅट करू नये, असा लेखी नियम करा.

५. गूगल फॉर्म आणि शीट

दोनच गोष्टी बघा. फॉर्मच्या सेटिंगमध्ये उत्तरांचा सारांश भरणाऱ्याला दाखवण्याचा पर्याय बंद हवा, नाहीतर प्रत्येक पालकाला इतरांची उत्तरं दिसतात. आणि शीट शेअर करताना ‘लिंक असलेला कोणीही’ न ठेवता नेमके ईमेल टाका. २०२३ च्या सुरुवातीला केंद्र सरकारच्या दीक्षा या शैक्षणिक ॲपमधली लाखो शिक्षकांची आणि विद्यार्थ्यांची माहिती क्लाउडवरचा साठा उघडा राहिल्याने बाहेरून दिसत होती, असं उघड झालं होतं. दिल्लीच्या पातळीवर जे घडतं ते आपल्या शीटमध्येही एका क्लिकने घडू शकतं.

मुलांच्या गुणपत्रिका कुठल्याही एआय चॅटमध्ये टाकून ‘विश्लेषण कर’ म्हणू नका. करायचंच असेल तर नावं, हजेरी क्रमांक, जात सगळं काढून टाका.

६. लॅब

पैसे न लागणारी कामं आधी करा. मुलांसाठी प्रत्येक संगणकावर साधं युजर खातं बनवा, ॲडमिनचा पासवर्ड फक्त तुमच्याकडे ठेवा. ब्राउझर गेस्ट मोडमध्ये उघडायची सवय लावा, म्हणजे एका मुलीचं उघडं राहिलेलं ईमेल पुढच्या तासाच्या मुलाला दिसणार नाही. राउटरचा कंपनीने दिलेला पासवर्ड बदला आणि त्यात डीएनएसच्या (साइटचा पत्ता शोधून देणाऱ्या सेवेच्या) जागी १.१.१.३ व १.०.०.३ टाका. ही क्लाउडफ्लेअरची मोफत सेवा आहे, ती अश्लील आणि धोकादायक साइट बऱ्याच प्रमाणात अडवते. यूट्यूबवर रिस्ट्रिक्टेड मोड चालू करा.

टेबलं भिंतीकडेने लावा, म्हणजे सगळे पडदे खोलीच्या मध्ये उभ्या असलेल्या शिक्षकाला एका नजरेत दिसतात. हे कुठल्याही फिल्टरपेक्षा जास्त उपयोगी पडतं. दारात वही ठेवा: तारीख, तास, संगणक क्रमांक, विद्यार्थ्याचं नाव.

जुने संगणक भंगारात देण्याआधी हार्ड डिस्क काढून घ्या. फाईल डिलीट केली तरी ती परत काढता येते. निर्लेखनाच्या (जुनी वस्तू नोंदीतून कमी करण्याच्या) कागदावर ‘हार्ड डिस्क काढून नष्ट केली’ अशी ओळ टाकून दोघांच्या सह्या घ्या.

७. मुलांचा मोबाईल

इथे नियम कमी पण ठाम ठेवा. केंद्राच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने (आताचं शिक्षण मंत्रालय) २०२० मध्ये ‘प्रज्ञाता’ मार्गदर्शक सूचना दिल्या, त्यात ऑनलाइन वर्गांसाठी पूर्वप्राथमिकला दिवसाला ३० मिनिटांपर्यंत, पहिली ते आठवीला ३० ते ४५ मिनिटांची दोन सत्रं आणि नववी ते बारावीला तशी चार सत्रं अशी मर्यादा होती. त्या लॉकडाऊनच्या काळातल्या असल्या तरी गृहपाठ देताना हाताशी धरायला चांगल्या आहेत.

गृहपाठ फक्त मोबाईलवर पाठवू नका. घरात फोन एकच असतो, तो वडिलांबरोबर कामावर जातो आणि रात्री नऊला परत येतो. म्हणजे मूल रात्री नऊनंतर फोन घेऊन बसणार, आणि त्याला तसं बसायला आपणच लावलं. गृहपाठ फळ्यावर लिहा, मोबाईलवर फार तर पूरक व्हिडिओ द्या. शेजारच्या सांगली जिल्ह्यात मोहित्यांचे वडगाव इथे संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही-मोबाईल बंद राहतात. हे गावाने मिळून ठरवलं म्हणून चाललं. तुमच्या पालकसभेतही वेळ पालकांनीच ठरवू द्या.

शाळेत फोन सापडला तर तो बंद करा, पाकिटात घाला, नाव-तारीख लिहून पालकांच्या हातात द्या. तो उघडून गॅलरी किंवा चॅट बघणं हा शिक्षकाचा अधिकार नाही, मुलाने पासवर्ड सांगितला तरी नाही.

८. फोटो आणि सीसीटीव्ही

स्नेहसंमेलन, शिष्यवृत्तीधारकांचा सत्कार, गड्ड्याच्या जत्रेला नेलेली सहल: फोटो जरूर काढा. पण फोटोखाली पूर्ण नाव, इयत्ता, तुकडी आणि शाळा एकत्र देऊ नका. एवढ्यावर अनोळखी माणूस शाळेच्या गेटवर येऊन मुलाला नावाने हाक मारू शकतो. वाढदिवसाची पोस्ट जन्मतारखेसह टाकणं पूर्ण बंद करा. संमतीपत्रात नकार दिलेल्या मुलांची यादी फोटो काढणाऱ्याच्या हातात आधी द्या. नाहीतर त्या मुलांना ऐनवेळी बाजूला उभं करावं लागतं, आणि ते त्यांना फार लागतं.

बदलापूरच्या शाळेतल्या मुलींवरच्या लैंगिक अत्याचाराच्या घटनेनंतर २१ ऑगस्ट २०२४ च्या शासन निर्णयाने शाळांत सीसीटीव्ही आणि चित्रण आठवड्यातून किमान तीन वेळा तपासणं बंधनकारक झालं. तपासणीची नोंदवही ठेवा. डीव्हीआरचा (चित्रण साठवणाऱ्या यंत्राचा) पासवर्ड बसवणाऱ्या माणसाकडे राहू देऊ नका, संस्थाचालकांच्या घरच्या मोबाईलवर थेट चित्रण नको, आणि पालकाने मागितलं म्हणून क्लिप व्हॉट्सॲपवर देऊ नका. मुख्याध्यापकांसमोर ऑफिसात दाखवा, पोलिसांनी लेखी मागितलं तर प्रत द्या.

९. ॲप विकणारा आला तर

तो म्हणेल पहिलं वर्ष मोफत. त्याला विचारा: मुलांची माहिती कुठे साठते? आणखी कुणाला देता? जाहिराती दाखवता का? आम्ही सोडलं तर माहिती पुसल्याचं लेखी द्याल का? माहिती फुटली तर किती वेळात कळवाल? उत्तरं कागदावर आणि सहीनिशी मिळाली नाहीत तर चहा द्या आणि नमस्कार करा. फक्त नाव आणि इयत्तेवर जे ॲप चालू शकतं, ते जन्मतारीख, पालकांचं उत्पन्न आणि फोनमधले कॉन्टॅक्ट मागत असेल तर ते घेऊ नका.

१०. काही बिनसलं तर

लॉगिन किंवा यादी फुटली तर त्याच दिवशी पासवर्ड बदला, लिंक बंद करा, मुख्याध्यापकांना लेखी कळवा आणि ज्यांची माहिती गेली त्या पालकांना स्वतः सांगा. लपवलं तर ते दुसऱ्याकडून कळतं आणि मग शाळेवरचा विश्वास उडतो.

मुलाच्या किंवा मुलीच्या नग्न अथवा बनवलेल्या फोटोचं प्रकरण असेल तर फार जपून वागा. पुरावा म्हणून तो फोटो स्वतःच्या फोनवर घेऊ नका, स्क्रीनशॉट काढू नका, मुख्याध्यापकांनाही पाठवू नका. असा फोटो बाळगणं आणि पुढे पाठवणं हाच गुन्हा आहे. खात्याचं नाव, लिंक, तारीख-वेळ कागदावर लिहा, फोन आहे तसा बाजूला ठेवा. मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार लैंगिक गुन्ह्याची माहिती असणाऱ्या प्रत्येकाने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, ‘संस्थेत मिटवू’ हा पर्याय कायद्यात नाही. शहर हद्दीत सोलापूर शहर पोलिसांचं आणि तालुक्यांत सोलापूर ग्रामीण पोलिसांचं सायबर पोलीस ठाणं आहे. राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर मुलांविषयीची अशी तक्रार नाव न देताही करता येते. १८ खालच्यांसाठी ‘टेक इट डाउन’ ही मोफत सेवा फोटो अपलोड न करता, त्याच्या डिजिटल ठशावरून फेसबुक-इन्स्टाग्रामसारख्या ठिकाणी तो अडवायला मदत करते.

त्या मुलीला स्टाफरूममध्ये बोलावून सगळ्यांसमोर विचारू नका. तिचा विश्वास असलेल्या एकाच शिक्षिकेने एकदाच ऐकून घ्यावं आणि लिहून ठेवावं. तिचं नाव हजेरीपट आणि पोलिसांकडची तक्रार सोडून कुठल्याही कागदावर, ग्रुपवर, वार्ताहरासमोर येता कामा नये, पॉक्सो आणि बाल न्याय कायदा दोन्ही ते मना करतात.

आणि हे तीन नंबर लॅबच्या दारावर, मुलींच्या कॉमनरूममध्ये आणि स्टाफरूममध्ये मराठीबरोबर तुमच्या मुलांच्या घरभाषेतही लावा: आर्थिक फसवणूक आणि सायबर तक्रारीसाठी १९३०, मुलांसाठी चाइल्ड हेल्पलाइन १०९८, तातडीच्या पोलीस मदतीसाठी ११२.